बँकेतून बागेकडे : पर्सी फिट्झपॅट्रिक आणि संडेज नदीचे खोरे

परप्रांती स्थिरावलेल्या जुन्या घराण्यांतून मूळपुरुषाची एक कथा हमखास सांगितली जाते. अमक्या साली त्याने गाव सोडले, दौलतीत नोकरी धरली, तलवार किंवा लेखणी गाजवली आणि अमुक परगण्यात इतके बिघे जमीन मिळवली. ही कथा ‘सोडले’ आणि ‘मिळवले’ या दोन क्रियापदांवर उभी असते. जे सोडले ते त्याचे स्वतःचे होते, म्हणून त्याविषयी घरात सविस्तर बोलले जाते. जे मिळवले ते आधी कोणाचे होते, हे सनदेच्या कागदावर लिहिलेले नसते आणि घराच्या आठवणीतही सहसा उरत नाही.

बँकेतील सुरक्षित नोकरी सोडून मोकळ्या रानात गेलेल्या आणि अखेरीस संत्र्यांच्या बागेत विसावलेल्या एका वसाहतकाराचे चरित्र या दोन क्रियापदांच्या प्रकाशात वाचून पाहण्यासारखे आहे. त्याचे नाव सर जेम्स पर्सी फिट्झपॅट्रिक. दक्षिण आफ्रिकेत त्याचे नाव एका कुत्र्याच्या गोष्टीमुळे घरोघर पोहोचले. जगाने त्याची एक कल्पना उचलली, पण नाव मात्र लक्षात ठेवले नाही. हुतात्म्यांच्या स्मरणार्थ दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची जी प्रथा आपण ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता पाळतो, तिच्या जागतिक प्रसाराचे मूळ या माणसाच्या एका सूचनेत आहे.

फिट्झपॅट्रिकचा जन्म २४ जुलै १८६२ रोजी किंग विल्यम्स टाउन येथे झाला. त्याचे आईवडील आयर्लंडमधून आलेले. वडील जेम्स कोलमन फिट्झपॅट्रिक हे न्यायाधीश होते आणि पुढे केप वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयात बसले. हे गाव तेव्हा ‘ब्रिटिश काफ्रारिया’ नावाच्या, खोसा लोकांकडून नुकत्याच जिंकलेल्या मुलखाचे मुख्य ठाणे होते. त्याच्या जन्मापूर्वी पाचसहा वर्षे, १८५६-५७ मध्ये, याच मुलखात एक भीषण प्रकार घडला होता. नोंगकाउसे नावाच्या एका किशोरवयीन मुलीला झालेल्या दृष्टान्तावर विश्वास ठेवून खोसा कुटुंबांनी आपली गुरे मारली आणि धान्य नष्ट केले. असे केल्यास पूर्वज परत येतील, नवी गुरे जमिनीतून वर येतील आणि गोरे समुद्रात जातील, अशी त्यांची आशा होती. सुमारे चार लाख जनावरे गेली आणि त्यामागून आलेल्या उपासमारीत चाळीस हजारांच्या आसपास माणसे मेली. वाचलेल्यांपैकी हजारो पोटासाठी गोऱ्यांच्या शेतांवर मजुरीला गेले. रिकाम्या झालेल्या जमिनीवर गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे याने युरोपीय वसाहतकार बसवले. ज्या मातीवर फिट्झपॅट्रिक जन्मला ती मोकळी कशी झाली, त्याची ही हकीकत आहे. न्यायाधीशाच्या घरातल्या मुलाला तिची झळ लागण्याचे कारण नव्हते.

शिक्षणासाठी त्याला इंग्लंडमध्ये बाथजवळच्या डाउनसाइड येथे पाठवण्यात आले आणि पुढे तो ग्रॅहम्सटाउनच्या सेंट एडन्स कॉलेजात शिकला. १८८० मध्ये वडील वारले. आई आणि भावंडांचा भार डोक्यावर आल्याने शिक्षण सोडून त्याला केपटाउनच्या स्टँडर्ड बँकेत कारकुनी धरावी लागली. ही बँकही त्याच्याच वयाची, १८६२ सालीच लंडनमध्ये स्थापन झालेली. लोकर, शहामृगाची पिसे आणि हिरे या तीन मालांवर केप वसाहतीची पत अवलंबून होती आणि ती पत या बँकेच्या वह्यांतून वर-खाली होत असे. १८८१ मध्ये किंबर्लीच्या हिरेखाणींच्या शेअरबाजारात आलेली पडझड आणि तिच्यामागून आलेली मंदी त्याने गल्ल्याच्या आतल्या बाजूने पाहिली. कोणाचे कर्ज बुडाले, कोणाची जमीन गहाण पडली, कोणाच्या नावापुढे लाल शाईची रेघ आली, हे तिथल्या कारकुनाला सर्वांआधी कळत असे.

१८८४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने ती नोकरी सोडली. ट्रान्सवालच्या पूर्व भागात पिलग्रिम्स रेस्ट येथे १८७३ पासून सोने निघत होते आणि बार्बर्टनच्या डोंगरांतून नव्या शिरा सापडल्याच्या वार्ता येत होत्या. तिकडे गेल्यावर मात्र सोने त्याच्या हाती फारसे लागले नाही. दुकानावर राबणे, खाणी शोधणाऱ्यांना हात देणे, वर्तमानपत्रात लिहिणे अशी मिळतील ती कामे त्याने केली. त्यांत त्याच्या मनात कायमचे घर केले ते मालवाहतुकीच्या धंद्याने. रेल्वे नसलेल्या त्या काळात खाणींच्या गावांना लागणारे पीठ, अवजारे, दारू, यंत्रांचे भाग, सारे काही बैलांच्या खटाऱ्यांतून येत असे. एकेका खटाऱ्याला सोळा-अठरा बैल जुंपलेले असत. आपल्याकडे लमाणांच्या तांड्यांनी जे काम लष्करासाठी आणि बाजारपेठांसाठी केले, तेच तिकडे या खटारेवाल्यांनी केले.

त्यांची वाट डेलागोआ उपसागरावरील लोरेन्सो मार्किस या पोर्तुगीज बंदरापासून (आजचे मापुतो) वर पठाराकडे चढत जाई. गोव्याच्या वाचकांना हा किनारा परका वाटू नये. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालत असे. या वाटेवरचा सर्वांत मोठा शत्रू होता त्सेत्से माशी. ती चावली की बैल आठवड्यांत झडत जाऊन मरत. या रोगाचे जंतू माशीच वाहून नेते, हे डेव्हिड ब्रूस याने झुलुलँडमध्ये १८९४-९५ च्या सुमारास सिद्ध केले. फिट्झपॅट्रिकच्या दिवसांत खटारेवाल्यांना एवढेच ठाऊक होते की, माशीचा पट्टा रात्रीच्या अंधारात ओलांडावा आणि नशिबावर हवाला ठेवावा. त्याच्या नशिबाने एकदा दगा दिला. जनावरे गेली आणि धंदा बसला. रित्या हातांनी तो बार्बर्टनला पोहोचला.

याच दिवसांत ‘जॉक’ नावाचा कुत्रा त्याच्याबरोबर होता. एका वेतातले हे सर्वांत मरतुकडे पिल्लू, कोणी घेईना म्हणून याच्याकडे आले आणि शिकारीत जीवाला जीव देणारा सोबती ठरले. बऱ्याच वर्षांनी तो आपल्या मुलांना रात्री झोपताना जॉकच्या गोष्टी सांगे. रड्यार्ड किपलिंगने त्या लिहून काढण्याचा आग्रह धरला आणि १९०७ मध्ये ‘जॉक ऑफ द बुशव्हेल्ड’ हे पुस्तक एडमंड कॉल्डवेलच्या चित्रांसह निघाले. ते दक्षिण आफ्रिकेत आजही वाचले जाते. त्यात रानाचे, पावसाचे आणि जनावरांच्या स्वभावाचे जे बारकावे आहेत, ते पाहून लिहिलेले आहेत. त्यात जिम नावाचा एक झुलू गाडीवानही आहे. तो धिप्पाड, तापट, बैलांचा कुशल हाकारा आणि जॉकचा मोठा चाहता. लेखक त्याच्यावर माया करतो, त्याच्या पराक्रमाचे कौतुक करतो, पण त्याला बरोबरीचा माणूस म्हणून लेखत नाही. खटारा ज्याच्या मालकीचा आणि खटारा ज्याच्या हाताने चालतो, या दोघांतले अंतर पुस्तकाच्या प्रत्येक पानावर गृहीत धरलेले आहे.

१८८९ मध्ये बार्बर्टन येथे एलिझाबेथ लिलियन क्युबिट हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि संसार जोहान्सबर्गकडे वळला. १८९१ मध्ये लॉर्ड रँडॉल्फ चर्चिलच्या तुकडीबरोबर त्याने माशोनालँडचा प्रवास केला आणि त्यावर पुस्तक लिहिले. पुढच्या वर्षी तो हेर्मान एकस्टाइन आणि कंपनी या बड्या खाणपेढीत शिरला. बँकेतून बाहेर पडलेला कारकून अशा रीतीने आठ वर्षांनी पुन्हा हिशेबाच्या वह्यांपाशी आला. यावेळी मात्र तो गल्ल्याच्या मालकांच्या बाजूला होता. लोरेन्सो मार्किसहून प्रिटोरियाला जाणारा लोहमार्ग १८९५ मध्ये खुला झाला, १८९६-९७ मध्ये बुळकांडीच्या साथीने दक्षिण आफ्रिकेतील गुरे संपवली, आणि खटाऱ्यांचे ते जग मागे पडले.

त्याच्या राजकीय जीवनाचा तपशील इथे थोडक्यात सांगणे पुरे. क्रूगरच्या बोअर सरकारविरुद्ध उठाव करू पाहणाऱ्या रिफॉर्म कमिटीचा तो चिटणीस होता. डिसेंबर १८९५ च्या अखेरीस जेमसनची स्वारी फसली, तेव्हा इतरांबरोबर तोही पकडला गेला. दोन वर्षे कैद आणि २००० पौंड दंड अशी शिक्षा त्याला झाली, पण काही महिन्यांतच तो सुटला. १८९९ मध्ये त्याचे ‘द ट्रान्सवाल फ्रॉम विदिन’ हे पुस्तक निघाले. बोअर युद्धापूर्वी इंग्लंडचे लोकमत तापवण्यात त्याचा मोठा वाटा होता. १९०२ मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी तो खाणमालकांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. १९१० च्या निवडणुकीत प्रिटोरिया पूर्व मतदारसंघात त्याने साक्षात पंतप्रधान लुई बोथा यांचा पराभव केला.

खाणमालकांच्या या राज्यात मजुरांचा प्रश्न नेहमी पहिला असे. युद्धानंतर आफ्रिकी मजूर पुरेसे मिळेनात, तेव्हा १९०४ पासून चीनमधून साठ हजारांहून अधिक मजूर करारावर आणले गेले आणि काही वर्षांत परत पाठवले गेले. फिट्झपॅट्रिक या योजनेच्या समर्थकांपैकी होता. मजूर यावेत, काम करावे आणि मुदत संपताच निघून जावेत, पण त्यांनी इथे मुळे धरू नयेत, हे त्या धोरणाचे सूत्र होते. नाताळमधील उसाच्या मळ्यांवर १८६० पासून आलेल्या भारतीय गिरमिटियांच्या बाबतीतही गोऱ्या वसाहतवाल्यांची इच्छा याहून वेगळी नव्हती.

याच जोहान्सबर्गमध्ये दुसरा एक माणूस आपला चालता व्यवसाय बाजूस सारून शेतीकडे वळत होता. मोहनदास गांधी यांनी वकिलीचे उत्पन्न सोडून १९१० मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर राहायला सुरुवात केली. अकराशे एकरांच्या त्या शेतावर संत्री, जर्दाळू आणि आलुबुखार यांची मिळून हजाराच्या आसपास झाडे होती. पण ती जमीन गांधींची नव्हती आणि होऊही शकत नव्हती. १८८५ च्या तिसऱ्या कायद्याने ट्रान्सवालमध्ये नेमून दिलेल्या वस्त्यांबाहेर आशियाई माणसाला स्थावर मालमत्ता घेण्यास बंदी होती. शेत विकत घेतले होते त्यांचे स्नेही, वास्तुशिल्पी हेर्मान कालेनबाख यांनी आणि सत्याग्रहींना ते बिनभाड्याने वापरायला दिले होते. गांधींना वकिली सोडता येत होती. जमीन मिळवण्यासाठी मात्र गोऱ्या मित्राचे नाव दस्तऐवजावर लागत होते.

१९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा या शेतावरही राहिले. स्टेशनपासून पायी चालत येताना पावसात भिजून ते आजारी पडले. जोहान्सबर्गमध्ये कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदू स्थायिक झालेले होते. त्यांच्यापुढे गोखल्यांनी मराठीत भाषण करावे, असा गांधींनी आग्रह धरला आणि हिंदुस्थानीत त्याचा अनुवाद स्वतः केला. आपल्या भाषेचा शब्द त्या परक्या भूमीवर असा उमटला, तो ज्यांना जमिनीचा तुकडाही मोकळेपणी घेता येत नव्हता अशा माणसांसमोर.

गोखले परतल्यानंतर काही महिन्यांतच, जून १९१३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या संसदेचा ‘नेटिव्ह्ज लँड ॲक्ट’ अमलात आला. देशातील सुमारे सात टक्के जमीन आफ्रिकी लोकांसाठी राखीव ठरली आणि तिच्याबाहेर त्यांनी जमीन विकत घेणे किंवा खंडाने करणे बेकायदा झाले. गोऱ्याच्या शेतावर निम्म्या वाट्याने राबणारी आफ्रिकी कुळे आपली गुरे हाकत रस्त्यावर आली. सोल प्लाटिये या आफ्रिकी पत्रकाराने ती दुर्दशा गावोगाव हिंडून पाहिली आणि १९१६ च्या आपल्या ग्रंथात नोंदवली.

याच सुमारास, खाणी आणि राजकारण यांचा वीट आलेला पन्नाशीचा फिट्झपॅट्रिक जमिनीकडे वळला. पोर्ट एलिझाबेथच्या उत्तरेस संडेज नदीचे खोरे आहे. तिथली माती खोल आणि सुपीक, पण पाऊस अत्यंत बेभरवशाचा. या खोऱ्याचे स्वप्न त्याच्या आधी एकाने पाहिले होते. जेम्स सॉमर्स कर्कवुड नावाचा लिलाववाला १८७७ मध्ये तिथल्या टेकडीवर उभा राहिला आणि खाली पसरलेली काटेरी झाडी पाहून त्याला पाटपाण्यावरच्या फळबागा दिसू लागल्या. त्याने एकामागून एक शेते विकत घेतली, कंपनी काढली, आणि १८८० च्या दशकातल्या मंदीत तो धुळीस मिळाला. ज्या मंदीचे आकडे फिट्झपॅट्रिक बँकेत बसून लिहीत होता, त्याच मंदीने कर्कवुडला गिळले. गावाला त्याचे नाव मिळाले, पण तेही त्याच्या मृत्यूनंतर.

फिट्झपॅट्रिकने तिथे मोठ्या प्रमाणावर जमीन घेतली. कंपनी स्थापून खोऱ्याचे तुकडे पाडायचे, ब्रिटनमधून सुशिक्षित कुटुंबे आणून वसवायची आणि संत्र्यांची निर्यात करायची, अशी योजना होती. स्वतःच्या शेताला त्याने ‘अमांझी’ हे नाव दिले. खोसा आणि झुलू भाषांत या शब्दाचा अर्थ ‘पाणी’ असा आहे. ज्या गोष्टीची खोऱ्यात सर्वांत मोठी वाण होती, तिचेच नाव त्याने घराला दिले, आणि तेही ज्यांची ती भूमी होती त्यांच्या भाषेतून घेऊन.

मध्येच महायुद्ध आले. डिसेंबर १९१७ मध्ये थोरला मुलगा नुजंट फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. १४ मे १९१८ पासून केपटाउनमध्ये रोज दुपारी बाराची तोफ झाली की रहदारी थांबे आणि सारे शहर स्तब्ध उभे राही. नगरसेवक ब्रायडन यांची ही सूचना महापौर सर हॅरी हँड्स यांनी अमलात आणली होती. मुलाच्या दुःखाने पोळलेल्या फिट्झपॅट्रिकला या मौनाचे सामर्थ्य जाणवले. युद्धसमाप्तीच्या वार्षिक दिनी सगळ्या साम्राज्याने असे मौन पाळावे, अशी सूचना त्याने लॉर्ड मिल्नर यांच्यामार्फत पुढे पाठवली. नोव्हेंबर १९१९ मध्ये ती ब्रिटिश मंत्रिमंडळापुढे आणि राजा पाचवा जॉर्ज याच्यापुढे गेली, आणि ११ नोव्हेंबर १९१९ रोजी पहिल्यांदा दोन मिनिटे सर्वत्र शांतता झाली. पुढे ही प्रथा साम्राज्याच्या सीमा ओलांडून गेली. साम्राज्यसेवेत वाढलेल्या एका बापाच्या दुःखातून पसरलेली ही रीत स्वतंत्र भारताने गांधींच्या पुण्यतिथीसाठी स्वीकारली, हा इतिहासाचा एक विलक्षण योग आहे.

युद्धानंतर वसाहतकार खोऱ्यात येऊ लागले. त्यांत निवृत्त लष्करी अधिकारी पुष्कळ होते. पेन्शनचा पैसा जवळ होता, पण शेतीचा अनुभव नव्हता. कलमे लावली गेली, पाट खोदले गेले, वरच्या अंगाला सरकारने धरण बांधले. १९२२ मध्ये ते पूर्ण झाले आणि जमीनखात्याचे मंत्री हेंड्रिक मेन्ट्झ यांच्या नावाने ‘लेक मेन्ट्झ’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पण त्याच सुमारास अवर्षणाची वर्षे लागली आणि धरण भरायला १९२८ साल उजाडले. संत्र्याचे झाड फळावर यायला चारपाच वर्षे घेते, आणि त्या वर्षांत त्याला पाण्याचा खाडा सहन होत नाही. नेमक्या त्या वर्षांत पाट कोरडे राहिले. अनेकांची पुंजी सरली आणि काहींनी खोरे सोडले. फिट्झपॅट्रिकचे पैसे आणि शब्द दोन्ही त्यात अडकले होते, कारण त्याच्या भरवशावर ही माणसे समुद्र ओलांडून आली होती. तरीही १९२४ मध्ये बागाईतदारांनी सहकारी संस्था उभी केली, फळाची प्रतवारी, बांधणी आणि विक्री एकत्र आणली. खोरे तगले त्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे. साखर कारखान्यांमुळे आणि सूतगिरण्यांमुळे ज्यांना सहकाराचे बळ ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पाण्याची गोष्ट इथे संपली नाही. धरणात गाळ भरत गेला आणि भिंत पुढे वाढवावी लागली. शेवटी दुसऱ्याच खोऱ्यातून, ऑरेंज नदीचे पाणी १९७५ मध्ये खुल्या झालेल्या ८२ किलोमीटरहून लांब बोगद्यातून फिश नदीत आणि तिथून कालव्याने इकडे आणण्यात आले, तेव्हा या बागा निर्धास्त झाल्या. आज दक्षिण आफ्रिकेतील लिंबूवर्गीय फळांच्या मोठ्या निर्यात केंद्रांत संडेज खोऱ्याची गणना होते. कर्कवुड आणि फिट्झपॅट्रिक यांचे स्वप्न खोटे नव्हते. एका माणसाच्या आयुष्यात मावण्याइतके ते लहान नव्हते, आणि सरकारी तिजोरीवाचून ते पुरे होणार नव्हते.

या स्वप्नाची किंमत कोणी दिली, तेही पाहिले पाहिजे. खोऱ्याला लागून असलेल्या आड्डोच्या दाट काटेरी झाडीत हत्ती होते. पाण्यासाठी ते नव्या शेतांत शिरू लागले, तेव्हा बागाईतदारांनी तक्रारी केल्या आणि १९१९ मध्ये मेजर प्रिटोरियस या शिकाऱ्याला सरकारने कामाला लावले. सुमारे वर्षभरात त्याने शंभराहून अधिक हत्ती मारले. १९३१ मध्ये उरलेल्यांसाठी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, तेव्हा तिथे अवघे अकरा हत्ती होते.

त्याही आधी, हीच झाडी माणसांचा आसरा होती. १८११-१२ च्या युद्धात कर्नल जॉन ग्रॅहम याने संडेज ते फिश नदी यांमधल्या मुलखातून सुमारे वीस हजार खोसा स्त्रीपुरुषांना, पिके उभी असताना, नदीपार हाकलले. आड्डोच्या झाडीत लपलेला, आजारी असलेला चुंग्वा हा त्यांचा वृद्ध प्रमुख गोळ्या घालून मारला गेला. ज्या शहरात फिट्झपॅट्रिक पुढे शिकला, ते ग्रॅहम्सटाउन या ग्रॅहमचेच नाव मिरवत होते. या ओस पाडलेल्या मुलखाच्या पूर्व भागात १८२० मध्ये चार हजारांच्या आसपास ब्रिटिश वसाहतकार आणून बसवण्यात आले. केप प्रांतात १९१३ चा जमीन कायदा मताधिकाराच्या तरतुदींमुळे पूर्णपणे लागू होऊ शकला नाही, हे खरे. पण संडेज खोऱ्याला त्या कायद्याची गरजच नव्हती. तिथल्या जमिनीचा निकाल शंभर वर्षांपूर्वीच लागून चुकला होता. कर्कवुडला टेकडीवरून जे ओसाड रान दिसले, ते निसर्गाने ओसाड ठेवलेले नव्हते.

फिट्झपॅट्रिकचे शेवटचे दिवस दुःखाचे गेले. पत्नी गेली, आणि उरलेले दोन्ही मुलगे त्याच्या डोळ्यांदेखत काळाने नेले. फक्त मुलगी सेसिली राहिली. २४ जानेवारी १९३१ रोजी अमांझी येथेच त्याचा मृत्यू झाला आणि खोऱ्याकडे पाहणाऱ्या ‘आउटलुक’ नावाच्या टेकडीवर त्याला पुरण्यात आले. पुढे सेसिलीच्या प्रयत्नाने केपटाउन विद्यापीठात आफ्रिकेतील पक्ष्यांच्या अभ्यासाची संस्था वडिलांच्या नावाने १९६० मध्ये उभी राहिली.

या माणसाकडे आपण कसे पाहावे? तो ढोंगी नव्हता. बँकेची उबदार खुर्ची त्याने खरोखर सोडली. ताप, माशी, तुरुंग आणि दुष्काळ यांची किंमत स्वतःच्या अंगावर मोजली. उतारवयात आराम मिळत असताना पुन्हा जमिनीत हात घातला आणि तिथेच देह ठेवला. त्याच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण त्याला दर वळणावर जमीन उपलब्ध होत गेली, ती धैर्यामुळे नव्हे. जिम गाडीवानाच्या अंगी तेवढेच धैर्य होते आणि बैलांचे ज्ञान त्याहून अधिक होते. गांधींच्या अंगी तर त्याहूनही मोठे धैर्य होते. त्या दोघांना ट्रान्सवालमध्ये आपल्या नावावर शेत घेता येत नव्हते. सोडण्याचे स्वातंत्र्य थोड्याफार प्रमाणात सर्वांना असते. मिळवण्याचे स्वातंत्र्य कायदा देतो, आणि तो ते निवडून देतो. वसाहतकाराच्या चरित्रात पहिली बाजू रंगवली जाते आणि दुसरी कोरी राहते. बँकेत मुरलेल्या माणसाला जमा आणि खर्च या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय वही बंद करता येत नाही, पण आयुष्याच्या वहीत मात्र ही शिस्त क्वचितच पाळली जाते.

स्वतंत्र दक्षिण आफ्रिकेने १९९४ मध्ये जमीन परत मिळवण्याचा कायदा केला. त्याखाली दावा करायचा तर जमीन १९ जून १९१३ नंतर हिरावलेली असली पाहिजे. त्यापूर्वीची हकालपट्टी त्या कायद्याच्या कक्षेत बसत नाही. संडेज खोऱ्यातून १८१२ मध्ये हाकललेल्यांचे वारस त्या दाराशी उभे राहू शकत नाहीत. २०२१ मध्ये किंग विल्यम्स टाउनचे नाव बदलून ‘क्वोन्से’ करण्यात आले. नाव परत आले, जमिनीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. कोणत्याही कायद्याला कुठेतरी पहिले पान धरावेच लागते. त्याआधीची पाने लिहिण्याचे काम इतिहासाकडे उरते.

हे काम दूरच्या देशापुरते नाही. माळव्यात, बडोद्याच्या मुलखात, मराठवाड्यात वा कर्नाटकात आपल्या पूर्वजांना मिळालेल्या इनामांच्या आणि जहागिऱ्यांच्या सनदा आपण आदराने जपून ठेवल्या आहेत. संस्थाने विलीन झाली, जमीनसुधारणांचे कायदे आले आणि त्यांतले बरेचसे हक्क गेले. तेव्हा काय गेले त्याची यादी अनेक घरांत पाठ असते. आपल्या पूर्वजांची गोष्ट दक्षिण आफ्रिकेसारखी होती, असे म्हणण्याचा इथे उद्देश नाही. राज्य बदलले तरी इकडचा कुणबी बहुधा आपल्या शेतातच राहिला, सारा घेणारा तेवढा बदलला. तरीही सनद वाचताना एका प्रश्नासाठी जागा ठेवायला हरकत नाही : या बिघ्यांवर त्याआधी नांगर कोणाचा चालत होता, आणि त्याच्या घरात ही गोष्ट कशी सांगितली जाते? आपल्या मूळपुरुषाचे मोठेपण या प्रश्नाने उणे होणार नाही. त्याची हकीकत त्यामुळे पुरी होईल, एवढेच.